चौथा बिघाड

१२ नोव्हेंबर

ती. मोठे काका,

नमस्कार. कागदावरचे डाग डिझेलचे आहेत. साबण संपवला तरी हातांचं डिझेल जात नाही. फोन तुम्ही घेत नाही, ऐकू येत नाही म्हणून. आणि काकूने मधे राहून तुमच्या कानात ओरडायचं म्हटलं, तर इंजिनातलं तिला काय कळणार? मला तरी कुठे कळतंय? म्हणून पत्र.

आमची गाडी सुरू होत नाही. सोमवारी सकाळी धुकं होतं. बाबा नेहमीसारखे लवकर उठून गाडीपाशी गेले आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "नाही होत." बस, एवढंच. कोपऱ्यावर शाळेची मुलं दप्तरं घेऊन उभी, आणि हे पायरीवर बसून बूट काढतायत! मी जाऊन चावी फिरवली. इंजिन फिरतं, पण पेटत नाही. शेवटी मुलांना त्यांच्या त्यांच्या आईबापांनी नेलं आणि जाताना प्रत्येकाने माझ्याकडे असं बघितलं की जणू गाडी मीच खाल्ली.

चौकातला मेकॅनिक आला. त्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण दुसरं काही तो बोलतच नाही. आधी आमच्या पायरीशेजारी थुंकला, मग बॉनेट उघडलं, मग नाकात बोट घातलं आणि त्याच बोटाने पंप दाखवून म्हणाला, "पंप गेला. उतरवून नेतो. होऊन जाईल." शी! आणि बाबा म्हणाले, "असेल." काका, जो माणूस आजवर कुणाला बॉनेटला हात लावू देत नव्हता, तो म्हणतो असेल!

मला तर या घराचीच किळस यायला लागली आहे. बाबा हट्टाने भांडी घासतात आणि ताटाला उष्टं तसंच चिकटलेलं असतं. चहा ओततात तो निम्मा कपाबाहेर, आणि मुंग्या लागल्या की मी पुसायचं. शर्टावर डाग, तोच शर्ट परत. मागच्या आठवड्यात कामावरून आल्या आल्या मोरीत उलटी करून ठेवली. काय खाल्लंत म्हणून विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपले. मीच पाणी ओतलं, नाक दाबून.

पण काका, गाडी गेली तर बाबांकडे काय उरतं? आई गेल्यापासून ते माझ्याशी 'हो' आणि 'नाही' बोलतात. हसतात ते त्या मुलांशी. मोठ्या बाईंनी शाळेतून निरोप पाठवलाय की गाडी वेळेवर नसेल तर दुसरी लावू. बाबांनी तो ऐकला आणि मान हलवली.

तुम्हाला लिहितेय हे त्यांना सांगितलेलं नाही. तुमचं नाव निघालं की उठून जातात.

तुमची,
शीबाई
(लहानपणी प्रत्येक गोष्टीला शी म्हणायचे म्हणून तुम्हीच ठेवलेलं नाव. अजून चिकटलेलं आहे, ताटाच्या उष्ट्यासारखं.)


१६ नोव्हेंबर

शीबाई,

आशीर्वाद. पाकीट फोडलं आणि घरभर डिझेलचा वास. तुझी काकू पदर नाकाला लावून बाहेर पळाली. मी दोनदा वास घेतला. कान गेले, पण नाक शाबूत आहे.

आता बोलणी खा. 'इंजिन फिरतं, पण पेटत नाही' हे काय वर्णन झालं? कसं फिरतं? दमलेलं की जोरात? मला ऐकू येत नाही ना, मग ऐकायचं तू आणि लिहायचंही तू. आवाज लिही. धूर लिही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाहीये. अजिबात धूर नसेल तर डिझेल पोचतच नाहीये. एवढं बघायला कुणाच्या बापाचं काय जातं? आणि तो थुंक्या निघाला सरळ पंप उतरवायला! त्याला पंपाला बोट लावू देऊ नकोस, विशेषतः ते बोट.

फिल्टरच्या डोक्यावर एक काळं बटण आहे. तो हातपंप. त्याच्या शेजारचा बारीक स्क्रू थोडा सैल कर आणि बटण दाबत राहा. हवा शिरली असेल तर आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळ आणि चावी मार. तोंड लांब ठेव. मग फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडून खालचं बाटलीत काढ आणि काय निघतं ते लिही. किळस येईल, तरी लिही.

हे सगळं तुझ्या बापाला झोपेत येतं. मीच शिकवलंय. मग 'असेल' का म्हणाला, ते देव जाणे. मी विचारणार नाही. भर वर्कशॉपमध्ये, माझ्या हाताखालच्या माणसांसमोर, ज्याने माझ्या हातातून चावी ओढून घेतली आणि 'बहिऱ्या, कुणाला तरी मारशील' म्हणाला, त्याची चौकशी मी करत नसतो. धाकटा भाऊ म्हणे! त्या दिवसापासून मी सायकलसुद्धा चालवलेली नाही.

मोठे काका


२४ नोव्हेंबर

ती. मोठे काका,

नमस्कार. धूर अजिबात नव्हता. आवाज असा: खुर्र, खुर्र, खुर्र, जोरात. ओकारी यायच्या आधी माणूस करतो तसा, आणि शेवटी काहीच नाही. चालेल?

तुम्ही सांगितलेला स्क्रू सैल करायला पाना लावला, तर तो आधीच सैल. बोटाने फिरला. बटण दाबलं आणि फुस्स करून फेस उडाला तो थेट तोंडात. तोंड लांब ठेव म्हणालात, पण किती लांब ते नाही लिहिलंत! रात्रीपर्यंत जे खाल्लं ते डिझेल. चहा डिझेल, भात डिझेल, स्वतःची थुंकी डिझेल. पण बुडबुडे थांबले, स्क्रू आवळला, चावी मारली आणि गाडी सुरू झाली. मी नाचले हो, खरंच! बाबा मागे उभे होते. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील. दहाचा पाना मागितला तेव्हा बाराचा दिला होता, तो परत घेतला आणि म्हणाले, "झाली का." काका, त्या आवाजात आनंद नव्हता.

मग बाटलीत काढलं. काळं, बुळबुळीत, तारा सुटणारं. जुनाट सर्दीचा शेंबूड काळा असता तर असा दिसला असता. मी बाटली हातात धरून अंगणात ओकले. आता टाकीही धुऊन घेतली आहे. ती धुणाराही नाक मुरडत होता. मी कापड कापते त्या कारखान्यात पांढऱ्या ताग्यावर माझ्या बोटांचे डाग उमटले, तर मुकादमीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आंघोळ करून येत जा गं." मी, काका! जी दिवसातून दोनदा आंघोळ करते ती मी!

आणि एवढं करून काल पुन्हा बंद. या वेळी खुर्रसुद्धा नाही. चावी फिरवली की टक्, आणि शांत. तुमच्या पत्राची वाट बघत बसले नाही. वायरी हलवून बघितल्या तर बॅटरीवरची एक पकड नुसती वर ठेवलेली होती. आवळली आणि झाली सुरू. पण तोवर मुलं गेली होती, आणि धुक्यात उभं राहून त्यातल्या एकीला ताप आला म्हणून तिची आई मला घालूनपाडून बोलली. मोठ्या बाई म्हणतात, अजून एकदा असं झालं तर गाडी बदलणार.

शिवाय गाडीची डावी बाजू पुढून मागपर्यंत खरवडली आहे आणि आरसा लोंबतोय. बाबा म्हणतात, उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं. लोक तरी कसे असतात!

तुमची,
शीबाई


२८ नोव्हेंबर

शीबाई,

आशीर्वाद. आवाज झकास लिहिलास. जेवताना वाचला, जेवण सोडून उठलो.

पकड तू स्वतः शोधलीस. शाबास. तुझ्या बापाला हेच शोधायला मी अर्धा दिवस उन्हात उभा केला होता.

ती काळी घाण म्हणजे टाकीच्या तळाला साचलेल्या पाण्यात वाढलेलं शेवाळ समज. अर्धी टाकी रिकामी राहिली की आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन खाली बसतो. आश्चर्य याचं वाटतं की हे त्याच्या गाडीत झालं. संध्याकाळी मुलांना सोडून आलं की पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरायची, ही त्याची सवय. तापातसुद्धा जायचा. ती सवय कधी सुटली? विचारत नाही, नुसतं लिहितोय.

आता कामाचं. स्क्रू हादऱ्याने ढिला होतो, पण बोटाने फिरेल इतका नाही. बॅटरीची पकड आपोआप 'वर ठेवल्यासारखी' होत नाही. एकापाठोपाठ दोन सैल गोष्टी म्हणजे कुणाचा तरी हात आहे, आणि मला त्या थुंक्याची शंका येते. अशी जमात मी बघितली आहे. स्वतः बिघडवायचं आणि स्वतःच दुरुस्तीला हजर! शिसारी येते मला त्या लोकांची. त्याला गाडीच्या आसपास दिसू देऊ नकोस. पुन्हा बंद पडली, इंजिन फिरतंय आणि हातपंप दाबून बुडबुडे नाहीत, तर पंपावर एक बारीक वायर येते ती बघ. ती सुटली की आतला पडदा बंद होतो आणि डिझेल अडतं.

मोठे काका


५ डिसेंबर

ती. मोठे काका,

नमस्कार. तिसऱ्यांदा बंद पडली. खुर्र खुर्र, धूर नाही, बुडबुडे नाहीत. म्हणून वायर बघितली. सुटलेली होतीच. नुसती सुटलेली नाही, तर रबरी नळीच्या मागे नीट दुमडून खोचलेली होती, लोंबून कशाला चिकटू नये म्हणून. मी जागेवर बसवली आणि गाडी सुरू झाली.

मग मी तशीच हातात पाना घेऊन चौकात गेले आणि 'होऊन जाईल'ला जे काही बोलले ते लिहीत नाही. माणसं जमली. तुम्ही सांगितलेला 'जमात' हा शब्दही वापरला. तो उठून उभा राहिला, तोंडातलं त्याने पहिल्यांदाच नीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि म्हणाला, "ताई, त्या दिवसानंतर तुमच्या गल्लीत मी पाय ठेवला असेल तर सांगा. मी आईला घेऊन इस्पितळात होतो." बाजूचे सगळे म्हणाले, खरंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर त्यांच्या हातातला कप खाली पडला. म्हणाले, "त्या बिचाऱ्याला कशाला बोललीस?" आणि फुटलेला कप शोधत जमिनीवर हात फिरवत बसले, समोर पडलेला असताना. मी किंचाळले की उठा तिथून, बोट कापेल.

मोठ्या बाईंकडे हातापाया पडून आले. सुट्टीपर्यंत बघू म्हणाल्या. आता तुम्हीच सांगा, आमच्यावर कुणाचा एवढा डूख आहे?

शीबाई


९ डिसेंबर

शीबाई,

त्या मेकॅनिकची माफी माग. माझ्या वतीनेही माग. मी चुकलो, आणि चुकलो ते माझ्याच शिकवणीला ओळखलं नाही म्हणून. ती दुमडलेली वायर वाचली आणि तुझी आधीची पत्रं पुन्हा काढली.

मी शिकवायचो कसा, ते तुला माहीत नाही. पुस्तक नाही, व्याख्यान नाही. शिकणाऱ्याने सकाळी यायच्या आधी मी स्वतः चांगल्या गाडीत बिघाड करून ठेवायचो आणि त्याला म्हणायचो, शोध. क्रम ठरलेला. पहिल्यांदा हवा. दुसऱ्यांदा करंट. तिसऱ्यांदा पंपाची वायर. नियम एकच: बिघाड असा करायचा की इंजिनाला इजा होता कामा नये. वायर काढली तर दुमडून मागे खोचायची. डूख असलेला माणूस टाकीत माती टाकतो गं. हा हात गाडीवर जीव असलेल्याचा आहे. या क्रमाने मी एकालाच शिकवलं आणि तो तुझ्या घरात राहतो.

चौथा बिघाड असा: एअर क्लीनरच्या, म्हणजे इंजिन ज्यातून हवा ओढतं त्या गोल डब्याच्या, तोंडात चिंधी. धुकं पडेल त्या सकाळी गाडीला हात लावायच्या आधी ते गोल झाकण उघडून बघ. चिंधी नसेल तर म्हाताऱ्याला वेड लागलं म्हण.

असली तर लगेच भांडायला जाऊ नकोस. आधी आठवून बघ. तिन्ही दिवस धुक्याचेच होते का? खरवडलेली बाजू डावीच का? आणि भांडी तो पहिल्यापासून अशीच घासायचा का?

काका


१४ डिसेंबर

काका,

होती. चिंधी होती. त्यांच्या जुन्या बनियनचा तुकडा, घामट, पिवळा. मी तो दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि ओकारी आली, पण वासाने नाही. मी तो बनियन कितीदा धुतलाय! काखेतली शिवण माझ्या हातची आहे.

मला त्या माणसाची किळस येते. स्पष्ट लिहिते. मी तोंडात डिझेल घेतलं, मोठ्या बाईंच्या पाया पडले, निरपराध माणसाला चौकात नागवं केलं, एका पोरीला ताप आला, आणि हे मागे उभं राहून बाराचा पाना देत होते? काम करायचं नसेल तर तोंड नाही का? म्हणा ना, कंटाळलो, जमत नाही, तू कमव मी बसतो. मी बसवलं असतं हो. पण हे असलं चोरटं, आतल्या गाठीचं वागणं! तुम्ही म्हणाल गाडीवर जीव आहे. गाडीवर आहे, माझ्यावर नाही!

चिंधी परत तशीच कोंबून ठेवली. मग त्यांना हाक मारली, म्हटलं चला, उशीर होतोय. ते आले, चावी फिरवली. गाडी कशीबशी पेटली, भक्कन काळा धूर ओकून बंद पडली. तर मला म्हणतात, "नाही होत." माझ्या तोंडावर! मी काही बोलले नाही, तुम्ही सांगितलंत म्हणून. कामावर निघून गेले आणि दिवसभर कात्री वाकडी चालवली.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: हो, धुकंच होतं. आरसा डावाच. भांडी पूर्वी लख्ख असायची, आई त्यांनाच घासायला लावायची. पण त्याचा इथे काय संबंध?

शीबाई


१८ डिसेंबर

पोरी,

तुझ्या बापाला दिसत नाहीये.

तुझीच पत्रं समोर ठेवून लिहितो. कपाबाहेर चहा. ताटाला उष्टं. दहाच्या जागी बाराचा पाना. समोर पडलेला कप हाताने शोधणं. डावी बाजू खरवडलेली. संध्याकाळी टाकी भरायला जाणं बंद, कारण अंधारून येतं. उन्हात गाडी चालते, धुक्यात बंद पडते. तू प्रत्येक पत्रात लिहीत होतीस, 'शी, शी' करत, आणि मी पंपाच्या वायरी मोजत बसलो होतो.

आता माझं ऐक. हे वाचून मला पहिल्यांदा काय झालं, माहीत आहे? आनंद झाला. भोग, म्हटलं. मला चावी सोडायला लावलीस, आता तुझी पाळी. अर्धा दिवस असा खूष होऊन फिरलो, आणि मग मला माझाच असा वीट आला की जेवलो नाही. कान जाताना मी हेच केलंय. माणसं बोलली की मान हलवायचो. इंजिन ठोकत असताना छान आहे म्हणायचो. पण मी गाडी बंद नाही पाडली, शीबाई. मी चालवत राहिलो, कारण हातातून चावी गेली की मी कोण? त्याने ओढून घेतली म्हणून कुणी मेलं नाही. आणि हा, याला कुणी ओढून घेणारं नाही, म्हणून स्वतःची गाडी स्वतः बिघडवतोय. सांगणार कुणाला? ज्याला 'बहिऱ्या' म्हणाला त्याच्या पुतणीला?

त्याला ओरडू नकोस. चिंधी समोर ठेवू नकोस. जवळ बस आणि सरळ विचार, बाबा, डावीकडचं किती दिसतं? उत्तर येईपर्यंत उठू नकोस. आणि सुट्टी लागेपर्यंत मुलांना दुसऱ्या गाडीने जाऊ दे. मोठ्या बाई काय म्हणतील ते म्हणू देत.

काका


२७ डिसेंबर

ती. मोठे काका,

नमस्कार. विचारलं. तुम्ही म्हणालात तशी बसून राहिले. त्यांनी आधी 'काही नाही झालं' म्हटलं, मग चष्मा पुसला, मग भिंतीकडे तोंड फिरवलं. मी उठले नाही. शेवटी म्हणाले, "डावीकडे काहीच नाही. धुरासारखं आहे."

मग सगळं बाहेर आलं. शाळेच्या फाटकातून वळताना एक मुलगी डाव्या बाजूने आली. त्यांना ती दिसलीच नाही. तिचं दप्तर गाडीला घासलं तेव्हा आवाजाने कळलं आणि त्यांनी ब्रेक मारला. त्या पोरीला वाटलं गंमत झाली. हसून हात हलवला तिने. कुणालाच काही कळलं नाही. बाबा घरी आले आणि मोरीत उलटी केली. तीच ती, काका. मी नाक दाबून पाणी ओतलं होतं ती.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "कुठल्या तोंडाने? दादाला मी काय बोललो ते सगळ्यांनी ऐकलंय. मला माझीच घाण वाटते." आणि रडले. मीही. डिझेल तोंडात गेल्यापेक्षा वाईट होतं ते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. डावा गेलाय, येणार नाही. उजवा थेंब टाकून टिकवता येईल. गाडी कायमची बंद. डॉक्टर बोलत असताना बाबा मान हलवत होते, सुटल्यासारखे.

मोठ्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी मुलांची यादी काढून बघितली. मग विचारलं, गाडी कोण चालवणार? माझ्या तोंडून निघून गेलं, मी. परवाना आहे माझ्याकडे, पण बाबांनी मला त्या सीटवर कधी बसू दिलं नव्हतं. आता सुट्टीभर रिकाम्या मैदानात शिकतेय. बाबा शेजारी बसतात. 'होऊन जाईल'ची माफी मागितली. तो म्हणाला, होऊन जातं. गाडीत मात्र अजून त्या काळ्या घाणीचा वास आहे, काहीही करा, जात नाही.

चावी बाबांनी खिशात ठेवली होती. मी मागितली नाही. काल म्हणाले, एक पाकीट दे आणि तिकडे तोंड कर.

शीबाई


२ जानेवारी

दादा,

ओळी वरखाली जातील, सांभाळून घे.

चावी यात घातली आहे. पोरीकडे दुसरी आहे. तुझी मी ओढून घेतली होती, माणसांसमोर. माझी मीच पाठवतोय, कुणी मागितली नसताना. ठेवायची तर ठेव, फेकायची तर फेक.

तू तिला आवाज लिही म्हणतोस. तिला ओकारीशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी लिहितो. आज सकाळी तिने गाडी सुरू केली. सेल्फ एकदा अडखळला, मग दोन ठोके रिकामे, आणि मग चारही सिलिंडर एकदम. तिसऱ्याचा नॉझल किंचित गळतो. थंडीत टक टक करतो, इंजिन तापलं की गप्प होतो. ती गिअर फार जोरात मारते.

मी तुला जे बोललो, ते बरोबर होतं. ज्या तऱ्हेने बोललो, ती घाण होती.

धाकटा


६ जानेवारी

धाकट्या,

टपालाने चावी पाठवतात का रे, मूर्खा? पाकीट फाटून अर्धी बाहेर आली होती, पोस्टमनने दोरीने बांधून आणली. आणि ही काय चावी आहे! खाचांत तेलाचा मळ, त्यात केस, वर कसला तरी चिकट राप. तुझी वहिनी चिमट्याने उचलत होती. पाठवायची होती तर पुसून तरी पाठवायची. मीच रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासली. आता लख्ख आहे आणि माझ्या खिशात आहे.

तिसऱ्याचा नॉझल मला इथे ऐकू आला. किती वर्षांनी काहीतरी ऐकू आलं. पत्र परत परत वाचतोय, तर तुझी वहिनी विचारते, एवढं काय आहे त्यात? मी म्हटलं, गाडी चालू आहे.

रविवारी येतो. पोरीला शिकवायला, तुला भेटायला नाही. पहाटे उठून मी गाडीत बिघाड करून ठेवणार, आणि तिने शोधायचा. तुला कानाने लगेच कळेल कुठे काय आहे, पण तू तिला सांगायचं नाहीस. गप्प बसायची तुला चांगली सवय आहे.

दादा